वीसनख्याची मागची नखं

आमच्या माहेरी कुत्र्याचं पिल्लू घरात घेताना त्याचं तोंड उघडून टाळू बघतात. टाळू काळी असली की कुत्रं तिखट निघतं म्हणतात. सासरी आले तेव्हा पाहिलं, इथं तोंड कोणी उघडत नाही. इथं नखं मोजतात.

माझं माहेर घाटावर, खटावच्या बाजूला. सासर घाटाखाली, पोलादपुराच्या वरच्या अंगाला, डोंगरात टेकलेली आठ घरांची वाडी. एवढ्या लांब मी कशी पडले, तर मुंबईमुळं. माझे वडील आणि सासरे एकाच गिरणीत कामाला होते आणि एकाच खोलीत दहा-बारा वर्षं राहिले. तिथं त्यांनी एकमेकांना शब्द दिला. पुढं सासऱ्यांना दमा लागला, ते गावी परतले. वडील तिकडंच राहिले. मी तिसरीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली. आई गेली, आणि वर्षाच्या आत मला घाट उतरवून इकडं आणून सोडलं. माझे मालक लग्नानंतर बारा दिवस राहिले आणि दासगावच्या बंदरावरून लाँचीनं मुंबईला गेले.

घरात राहिलो तिघं. मामंजी, थोरली जाऊ आणि मी. जावेचा नवरा मुंबईच्या तापात गेलेला, तिला मूल नव्हतं. मला सगळ्याचीच भीती वाटायची. उतारावर पाय घसरायचा, जळवा चिकटायच्या, चार महिने ऊन दिसायचं नाही. माझं बोलणं ऐकून बायका हसायच्या. पण हे सांगितलंच पाहिजे, की त्या घरात मला कोणी उपाशी ठेवलं नाही, उणं बोललं नाही. उलट सूनबाईला लिहितावाचता येतं याचं मामंजींना फार कौतुक. त्यांनी महाडाहून माझ्यासाठी दौत आणि टाक आणला होता. वाडीतल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईला. कार्ड आलं की आमच्या ओटीवर यायचं, आणि मी वाचायची. माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या बायका पदर सावरून माझ्या तोंडाकडं बघत बसायच्या. तिसरी सुटलेल्या पोरीला असा मान कुठं मिळतो?

माझ्या लग्नाला दोन महिने झाले असतील. शेजारच्या गावात वाघानं एक व्यालेली कुत्री नेली. आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. तिची पिल्लं उरली होती, नुकते डोळे उघडलेली. मामंजी त्यांतलं एक धोतराच्या सोग्यात घालून घेऊन आले आणि ओटीवर बसून सगळ्यांसमोर मोजायला लागले. पुढच्या पायांना पाच-पाच. मागच्यांना बाकीच्या कुत्र्यांना चार-चार असतात. याला आतल्या अंगाला, जमिनीपासून वर, एकेक सुटं बोट लोंबत होतं, त्यालाही नख. म्हणजे वीस. वीस नखांच्या कुत्र्यासमोर वाघ उभा राहत नाही, अशी तिकडची पक्की समजूत. शेजारचे म्हातारे येऊन पुन्हा मोजून गेले. कुत्र्याला वेगळं नाव ठेवलंच नाही, सगळे त्याला वीसनख्या म्हणायला लागले.

ते सुटं बोट बघून मला माहेरचं आठवलं. आमच्या माहेरी मेंढरं रानात बसवायला धनगर यायचे. त्यांच्यातल्या एका बाईला मी पाच-सहा दिवसांच्या पिल्लाचं तसलंच बोट घोड्याच्या केसानं आवळून बांधताना पाहिलं होतं. आठ दिवसांत ते सुकून आपोआप पडलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "पळताना आडकतं. आत्ता काढलं तर त्याला कळत न्हाई, मोठंपणी काढलं तर लई कळतं."

आमचं पिल्लूही तसं लहानच होतं. अजून बांधता आलं असतं. पण नव्या सुनेला कोण विचारतं, आणि तिनं तरी आपणहून काय सांगावं? चार दिवस मनात ठेवून शेवटी भात कांडताना मी जावेला बोलले. ती मुसळ थांबवून हसली.

"तुमच्या देशावर वाघ नाय गो. मेंढ्या राखायला अठरा पुरतात."

तिनं ते जेवताना मामंजींना गंमत म्हणून सांगितलं. मामंजी हसले नाहीत. ज्याची त्याची रीत असते, एवढंच म्हणाले आणि ताटातली भाकरी मोडून पिल्लाला टाकली. विषय संपला.

कुत्रं मोठं झालं ते माझ्यामागंच. मी गवताला गेले की पुढं, पाण्याला गेले की मागं. दुसऱ्या कोणाला अंगाला हात लावू द्यायचं नाही. त्या डोंगरात मी एकटी फिरायला लागले ती त्याच्या जिवावर. वीस नखांवर माझा विश्वास होता असं नाही, आणि नव्हता असंही म्हणवत नाही. ते पुढं चालत असलं की माझी छाती धडधडायची थांबायची, एवढं खरं.

त्या घराची आणखी एक रीत होती. खंडेनवमीला कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ धुऊन मांडायचे, आणि पूजा झाली की मामंजी वीसनख्याला बोलवायचे. मी त्याला धरायचं आणि त्यांनी त्याच्या मागच्या दोन सुट्या नखांना हळदकुंकू लावायचं. त्याची हत्यारं ती, म्हणायचे. हत्यार म्हटल्यावर त्याला कात्री कोण लावणार? बाकीची नखं चालून झिजतात. ही जमिनीला टेकत नाहीत. ती वाढत गेली, वळत गेली, तिसऱ्या वर्षी तर उजव्या पायाचं नख कडीसारखं गोल होऊन टोक परत मांसाला टेकायला लागलं होतं. मामंजी ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी परसात रानडुक्कर शिरलं. वीसनख्यानं काट्याच्या कुंपणावरून उडी घेतली आणि तो तिथंच लटकला. ते कडीसारखं नख एका आडव्या फांदीत अडकलं होतं. मी धावत जाऊन त्याला खालून उचलून धरला तोवर ते बोट मुळातून अर्धं फाटलं होतं. हाड म्हणून आत काही दिसलं नाही. नुसत्या कातडीवर लोंबत होतं.

जावेनं हळद आणि चुना भरला. मामंजी म्हणाले, चिकटेल. दोन दिवसांनी वास यायला लागला. मी चिंधीनं बांधायची, ते दातांनी सोडायचं. आठव्या दिवशी त्यात अळ्या दिसल्या. मी काडीनं काढत बसायची. सकाळी काढाव्या तर संध्याकाळी पुन्हा. वरचं लोंबतं बोट उचलल्याशिवाय आत हात पोचत नव्हता, आणि उचललं की कुत्रं ओरडायचं. ते एवढं निघालं असतं तर जखम धुता आली असती. कोयत्याच्या एका फटक्याचं काम. माझा हात धजला असता की नाही कोण जाणे. पण धजला असता तरी ते घरचं हत्यार होतं, त्यावर कुंकू होतं, आणि मी बाहेरची.

मी जावेला म्हटलं, तुम्ही तरी बोला. ती बोलली. मामंजी चिडले नाहीत, नुसते वर डोंगराकडं बघत राहिले. म्हणाले, थोरला गेला, दुसरा मुंबईला. घरात दोन बायका आणि मी दमेकरी. वाघ उतरला तर राखायला कोण हाय? हेच एक हाय. त्याची नखं तोडू कशी?

ते खोटं बोलत नव्हते. खरोखरच घाबरलेले होते, माझ्यासारखेच.

मालकांना महिन्याचं कार्ड लिहायची वेळ आली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. भात कसं आहे, दमा कसा आहे, बैलाचा खांदा सुजला होता तो उतरला. कुत्र्याचं त्यांनी काही सांगितलं नाही. मग ते पाणी प्यायला उठले, आणि मी कार्डाच्या अगदी कडेला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, दोन ओळी माझ्या मनानं लिहिल्या. कुत्र्याच्या मागच्या पायाचे नख फाटून पाय सडतो आहे. ते काढावे असे आपण मामंजींना कळवावे. तोवर सांगणाऱ्यानं न सांगितलेलं अक्षर मी कोणाच्याही कार्डात घातलं नव्हतं.

उत्तराला पंधरा दिवस लागले. तोवर कुत्रं तीन पायांवर आलं होतं आणि खाणं निम्म्यावर. बाजाराला गेलेल्या शेजाऱ्यानं पोलादपुराहून कार्ड आणलं आणि ऐकायला स्वतःही बसला. ओटीवर मामंजी, दारात जाऊ. मी वाचायला लागले. खुशाली होती. गिरणीत संपाची बोलणी चालली होती. शिमग्याला यायचा विचार होता. जावेला नमस्कार, आणि इतकंच. कुत्र्याचं एक अक्षर नाही. मी उलटून पत्ता बघितला, पुन्हा पाठ बघितली. माझ्या ओळी त्यांनी वाचल्याच नाहीत, की वाचून सोडून दिल्या, काही कळायला मार्ग नव्हता. कुत्रं खालच्या पायरीवर आपला पाय चाटत होतं.

आणि माझं तोंड पुढं वाचतच राहिलं. "विशेष, कुत्र्याच्या पायाचे कळले. महाडास गुरांचा डॉक्टर आहे, त्याजकडे नेऊन मागची नखे काढून टाकावी. हयगय करू नये."

मग मामंजींनी विचारलं, "त्याला कोणी कळवलं?"

मी म्हटलं, मी. खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. तेवढं खरं होतं म्हणून ते सांगताना आवाज फुटला.

त्यांनी हात पुढं केला. मी कार्ड दिलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उलटं केलं, आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आता घर त्याच्यावर हाय. त्यानं लिवलंय तर न्यायला पायजे." आणि ते कार्ड नेहमीसारखं देवाच्या फळीवर बाकीच्या कार्डांत ठेवून दिलं. त्या दिवसापासून वाडीत कोणी वाचता येणारा पाहुणा आला की माझं लक्ष त्या फळीवरून हलायचं नाही.

खालच्या गावाहून भाताची पोती घेऊन एक गाडी महाडला निघाली होती. तिच्यात कुत्र्याला गोणपाटावर निजवलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. मामंजी गाडीमागून चालत आले, दम लागला की थांबायचे. मी चारदा म्हटलं, मी उतरते, तुम्ही बसा. म्हणाले, ते तुझ्याशिवाय राहणार नाय, तू बस.

डॉक्टर तरणे होते, पुण्याकडच्या शुद्ध बोलण्याचे. टेबलावर कुत्रं ठेवायला लावलं, तोंडाला पट्टी बांधली, आणि पाय उचलून पहिलं वाक्य बोलले ते असं, की हे लहानपणीच का नाही काढलं? मी मान खाली घातली. त्यांनीच मग समजावून सांगितलं. पुढच्या पायांची आतली नखं हाडाला धरून असतात, कुत्रं त्यांचा उपयोग करतं. ती उगीच काढू नयेत. मागची ही बहुधा कातडीलाच लोंबतात, कामाची नसतात. तरी ती असलीच तर महिन्या-दीड महिन्यानं टोक कापत राहावं, म्हणजे वळत नाहीत. कापत राहिलं असतं तर हे झालंच नसतं. कापायला साधी सुरीसुद्धा चालली असती. हे ऐकून मामंजी बाहेर गेले. का गेले ते मी विचारलं नाही. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू येत होता.

फाटलेलं बोट निघायला काहीच वेळ लागला नाही. मग डॉक्टरांनी डावा पाय उचलून मला विचारलं, "हेही असंच वळलं आहे. आज ना उद्या अडकेल. काढू?"

मी दाराकडं बघितलं. खोकला थांबला होता. हाक मारली असती तर ते आत आले असते, आणि नको म्हणाले असते. एक नख राहिलं असतं तर एकोणीस. एकोणीस म्हणजे ना धड इकडचं ना तिकडचं. डॉक्टर हातात शस्त्र धरून थांबले होते, आणि बाहेर आणखी लोक जनावरं घेऊन उभे होते. मी म्हटलं, काढा.

परत येताना मामंजींनी पायांच्या दोन्ही पट्ट्या बघितल्या. मग पुन्हा गाडीमागून चालायला लागले.

जखम महिन्यात भरली. कुत्रं चार पायांवर धावायला लागलं, उलट पूर्वीपेक्षा हलकं. जावेनं चुलीजवळ बसवून त्याला मुद्दाम भाताची पेज पाजली. वाडीतली पोरं त्याला अठरानख्या म्हणून चिडवायची आणि म्हातारे त्याच्याकडं न बघता जायचे. मामंजी त्याला आता नावानं हाक मारत नव्हते, नुसतं यू यू करायचे. पण मला वाटायचं, जगलं ना, बास. दीडएक महिना मी फार सुखात होते. खोटं बोलून का होईना, एक जीव वाचवला असं मनाशी म्हणायची.

माघात आम्ही राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, झाडांचा पाला तोडायला वरच्या रानात गेलो. जाऊ आणि मी. दुपार कलली होती. मी भारा बांधत होते, कुत्रं वीस-पंचवीस हातांवर करवंदीच्या जाळीपाशी हुंगत होतं. ते एकदाच ओरडलं. मी वर बघितलं तर जाळी हलत होती आणि मग हलायची थांबली. कोयता माझ्या हातात होता. जाऊ मला कंबरेला धरून मागं ओढत होती आणि मी पुढं जात नव्हते, तरी ती ओढतच होती.

वाघ कुत्री नेतोच. अठरा नखांची नेतो, वीस नखांचीही नेतो. आमच्या कुत्र्याची आई गेली होती तीसुद्धा वीसनखीच होती म्हणे. तेव्हा लोक म्हणाले होते, मोजायला चुकले असतील. हे सगळं मला माहीत होतं. पण वाडीत त्या संध्याकाळी एकच बोलणं होतं, आणि ते चुकीचं आहे असं मी तरी कशाच्या आधारावर म्हणू? नखं असती तर वाघ आला नसता, हे मला पटत नाही. पण आला असताच, असंही म्हणवत नाही.

मी जेवायला उठले नाही. मामंजी स्वतः ताट घेऊन माझ्यापाशी आले. सासऱ्यानं सुनेला ताट आणून द्यावं असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"तुजा दोष नाय गो," ते म्हणाले. "तू काय करणार? लिवलेलं होतं ते वाचलंस."

मी घास घेतला. सांगायचं होतं तर तीच वेळ होती. ते समोर बसून राहिले, मी सगळं ताट संपवीपर्यंत.

शिमग्याला माझे मालक आले. दासगावाहून चालत, खांद्यावर ट्रंक. त्यांनी अजून पाय धुतले नव्हते. मी तांब्या घेऊन दारात उभी, आणि मामंजी ओटीवरून म्हणाले, "तुज्या कार्डानं माजा कुत्रा गेला."

मालकांनी बापाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी वाट बघत होते की आता विचारतील, कुठलं कार्ड?

"चुकलं बाबा," ते म्हणाले. "मी लिवायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ते माझ्यामागून आले. मी रडतच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या त्या ओळी त्यांनी वाचल्या होत्या, तीनदा वाचल्या होत्या. बापाला काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून पुढच्या कार्डात बघू असं म्हणून राहू दिलं होतं. लिहिलं असतं तर बहुतेक तेच लिहिलं असतं, म्हणाले. मी म्हटलं, मी आजच मामंजींच्या पाया पडून सांगते, मला हे ओझं पेलत नाही. त्यांनी हंडा माझ्या डोक्यावर चढवून दिला आणि म्हणाले, "नको सांगू. त्याचा राग आता माज्यावर हाय, तो मी मुंबईला घेऊन जाईन. तुज्यावर आला तर तो हितंच राहील."

एवढं माझ्यासाठी आजवर कोणी केलं नव्हतं. मी मान हलवली.

ते गेल्यावर महिन्यानं कार्ड लिहायला बसलो. मामंजी नेहमी पहिली ओळ सांगायचे ती चिरंजीवास अनेक आशीर्वाद. या खेपेला त्यांनी एकदम भाताच्या बियाण्यापासून सुरुवात केली. मी टाक धरून थांबले, त्यांच्याकडं बघितलं. ते डोंगराकडं बघत होते. वर कोरी जागा होती. दोन शब्द बसले असते, आणि मुंबईला ते वाचणाऱ्याला कळलंही नसतं कोणाचे ते. मी बियाण्याचं लिहिलं. मग बैलाचं. ते सांगत गेले तेवढंच लिहिलं, आणि कार्ड तसंच त्यांच्या हातात दिलं.